चिंचेनं घासलेली राणी

अमेरिकेत शॉमबर्गला आमच्या शेजारी एक अमेरिकन आजी एकट्या राहायच्या. २००५ च्या उन्हाळ्यात त्या लेकीकडे गेल्या, तेव्हा झाडांना पाणी घालायला किल्ली माझ्याकडे देऊन गेल्या. माझी आई त्या वर्षी सहा महिन्यांसाठी आली होती. पाणी घालायला तीही माझ्याबरोबर यायची.

आजींच्या हॉलमध्ये ब्राँझची एक मूर्ती होती, शंभराहून जास्त वर्षांपूर्वी फ्रान्समध्ये घडवलेली. कुठल्याशा शोकांतिकेतली राणी, हातात खंजीर, मान खाली. आजींचे यजमान हौशी नट होते. वारण्याआधी आजींना शेवटची भेट म्हणून त्यांनी ती आणलेली. पार काळीहिरवी दिसायची. मला ते बघवेना.

“आई, घरून चिंच आण. चकाचक करून सरप्राइज देऊ त्यांना.”

“दुसऱ्याची वस्तू आहे रे. आधी विचार तरी.”

पण ऐकेन तर शपथ! चिंच-मीठ लावून मी दुपारभर घासली. समईसारखी लखलखली राणी. आईनं फक्त पाणी ओतलं.

आजी परतल्या त्या दिवशी आम्ही दोघं किल्ली द्यायला गेलो. मूर्ती पाहून त्या मटकन खुर्चीत बसल्या. तो मळ नव्हताच, त्या म्हणाल्या. मूर्तिकारानं मुद्दाम चढवलेला रंग होता, आणि तो आता परत येणार नव्हता.

“हे कोणी केलं?” त्यांनी हळूच विचारलं.

ऑफिसात दहा जणांची टीम सांभाळणारा मी! शेजारी आई उभी होती, इंग्रजीचा गंध नसलेली, ओळखीचं हसत. मी तिच्याकडे बोट दाखवलं. “माय मदर. तिला माहीत नव्हतं.”

आजींनी उठून आईचा हात थोपटला. त्यानंतर मात्र आई कधी आजींच्या दारात गेली नाही. गुडघे दुखत असतील, अशी मी स्वतःची समजूत घातली.

भारतात परतताना विमानतळावर ती म्हणाली, “माझ्यावर ढकललंस ते एका परीनं बरंच झालं. मी चालले. तुला त्यांच्या शेजारी राहायचंय.” तिनं एक थोबाडीत दिली असती तर परवडलं असतं. लाजेनं मला तिच्याकडे बघवेना.

दुसऱ्याच दिवशी खरं सांगायला मी आजींची बेल वाजवली. दार उघडल्यावर तोंडून निघालं, “लॉन कापून देऊ का?”

आजी हो म्हणाल्या. मग म्हणाल्या, “आईला कळव, मी तिला केव्हाच माफ केलंय.”

मी “थँक यू” म्हणालो आणि लॉन कापायला घेतलं.