शिंपीणबाईंनी पिकअप आखूड केली

शिंपीणबाईंचा नवरा गेला, तेव्हा भेटायला येणारा माणूस दोन शब्द त्याच्याबद्दल बोलायचा आणि चार दारातल्या पिकअपबद्दल. होतीच ती तशी. गोल दिव्यांची, जाड पत्र्याची, सासऱ्यांच्या काळातली हिरवी गाडी. मुळात उंच, त्यात नवऱ्यानं मागे स्प्रिंगचे पाटे आणि चाकं जोडणारा ॲक्सल यांच्यामध्ये लोखंडी ठोकळे घालून आणि पुढे लांब स्प्रिंगा बसवून तिला आणखी वर चढवलेली. तो स्वतः ताडमाड. एक टांग टाकली की आत. बाई जेमतेम त्याच्या कोपराएवढ्या. त्यांना तो 'अर्धी' म्हणायचा. लाडानं म्हणतो, असं लोकांना वाटायचं.

बहिणीच्या लग्नातून निघताना बाईंचा पाय पायदानावरून सटकला आणि गुडघा फुटला. नवऱ्यानं सगळ्या पाहुण्यांसमोर त्यांना काखेत धरून उचललं, मागच्या हौद्यात ठेवलं आणि आरोळी ठोकली, "चला, गोणी चढली!" मांडव हसून लोटपोट झाला. सगळ्यात मोठ्यानं हसले नवऱ्याचे जिगरी दोस्त, गॅरेजवाले मिस्त्री. पुढची सीटही त्यांनाच मिळाली. घर येईपर्यंत बाई हौद्यात, धूळ खात बसल्या होत्या. त्यानंतर त्या गाडीत बसल्याच नाहीत. बहिणीच्या छोट्या गाडीवर गुपचूप चालवायला शिकल्या, लायसन्सही काढलं. ते नवऱ्याला दाखवलं तर तो म्हणाला, "चालव की. आधी चढून तर दाखव."

हे सगळं बाईंनी मनात घडी घालून ठेवलं होतं.

नवरा गेल्यावर धाकटे दीर आले. "वहिनी, गाडी मला द्यायचा शब्द दिला होता दादानं. तुम्हाला काय उपयोग तिचा?"

"बघते, भाऊजी," बाई म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी गळ्यात टेप अडकवून त्या अंगणात उतरल्या. जमिनीपासून आपल्या गुडघ्यापर्यंत माप घेतलं आणि कपड्यावर करतात तशी गाडीच्या पुढच्या चाकावर खडूनं खूण केली. मग मिस्त्रींना बोलावणं धाडलं.

"दाराचा उंबरा इथं आला पाहिजे," त्यांनी खूण दाखवली.

मिस्त्रींना वाटलं, दुःखानं बाईंचं डोकं फिरलं. "वहिनी, अहो, ही गाडी म्हणजे त्याचा जीव. हिला खाली बसवायची? मी नाही हात लावणार."

"नका लावू. दुसऱ्या गॅरेजात नेते. तिथं कोण कशी कापेल, ते त्यांचं ते बघतील."

मिस्त्रींनी किल्लीसाठी हात पुढे केला. ते कबूल होणार हे बाईंना ठाऊक होतं. त्यांना काम मिस्त्रींच्याच हातांनी करून हवं होतं.

गॅरेजात गाडी लोखंडी टेकूंच्या घोड्यांवर चढली. बाई रोज शिवणाची पिशवी घेऊन जायच्या आणि स्टुलावर बसून कुणाकुणाच्या पँटी आखूड करत राहायच्या. आधी ठोकळे निघाले. ते फरशीवर आदळल्याचा आवाज बाईंना फार गोड लागला. मग पाट्यांखालचा ॲक्सल सोडवून पाट्यांच्या वर घेतला, तशी मागची बाजू खाली बसली. त्याला वर-खाली व्हायला जागा हवी म्हणून फ्रेमचा तुकडा कापला आणि तिथं जाड पट्टी वेल्ड केली. पुढे आखूड स्प्रिंगा आणि शॉक ॲब्जॉर्बर बसवले. फ्रेम कापताना मिस्त्रींचे डोळे भरून आले.

"ठिणगी गेली का?" बाईंनी विचारलं.

"वहिनी, तो तुमच्यावर जीव टाकायचा हो."

"गोणीवर?"

मिस्त्रींनी कटर खाली ठेवला. "अहो, ती थट्टा होती."

"मग ही पण थट्टाच समजा. घ्या कापायला."

शेवटी सीट पुढे सरकवून घेतली. बाई खुर्चीत बसावं तशा गाडीत बसल्या आणि थेट चहाच्या टपरीपाशी आल्या. तिथं नवऱ्याची उंच दोस्तमंडळी उभी असायची. गाडीचा टप आता त्यांच्या खांद्याखाली आला होता. कुणी हसलं नाही. दीर मात्र धावत आले.

"काय करून ठेवलंत हे! दादा असता तर..."

"असता तर त्याला वाकून बसावं लागलं असतं, भाऊजी."

"परत वर घेता येईल. ठोकळे कुठायत?"

"भंगारात."

दीर तणतणत निघून गेले. त्या रात्री बाई दोन घास जास्त जेवल्या.

पुढे सुट्टीला मुलगी आली. बापाच्या उंचीची. मान मोडून आत बसली, गुडघे डॅशबोर्डला टेकले.

"आई, बाबांना हे बघवलं नसतं."

"म्हणून तर केलं."

"पण ते आता बघतायत कुठं?"

बाईंनी स्टिअरिंगवरची धूळ पदरानं पुसली. "तो असताना धीर झाला नाही गं," त्या म्हणाल्या. "तेवढंच सलतं."

मुलीला रडू आलं. तिला माहीत असलेले बाबा वेगळे होते. बाईंनी तिची समजूत काढली नाही आणि माफीही मागितली नाही.

गाडी अजून त्याच चालवतात. गतिरोधक आला की पोट घासू नये म्हणून तिरकी घालून हळूहळू उतरवतात. मागचे भोंगे वाजवत राहतात. बाई आरशातसुद्धा बघत नाहीत.