ताटावर घातलेलं नाव

केजच्या बाजारात आमचं भांड्यांचं दुकान होतं. भांडं घेतलं की त्यावर नाव फुकट घालून द्यायचं, ही वडिलांपासूनची रीत. लग्नात, तेराव्यात शेजारपाजारची भांडी एका ढिगात येतात आणि नावावरूनच आपापल्या घरी जातात. त्यामुळे आमच्याकडे लोक भांड्यावरच्या नावाला सातबाऱ्याइतका मान देतात. अशी हजारो नावं मी घातली. त्यातलं एक खोटं आहे.

युसूफ वडगावकडच्या एका खेड्यात मुलगी दिलेले एक गृहस्थ लग्नाची भांडी घ्यायला आले होते. सगळ्यांवर नावं घालून झाल्यावर त्यांनी जुन्या लुगड्यात गुंडाळलेलं एक ताट काढलं. पांढरं, चिनी मातीसारखं. काठाला निळ्या लाटा, मध्ये लांब वळलेली पानं आणि लाल फुलं. ती फुलं झेंडूची नव्हती, कण्हेरीची नव्हती, आमच्या शिवारातली कुठलीच नव्हती. त्यांचे वडील निजामाच्या एका अंमलदाराकडे कारकून होते, त्यानं बदली होताना दिलेलं. "ह्याच्यावर बी पोरीचं नाव घाला," ते म्हणाले. तेव्हा आम्ही छिन्नी-हातोडीनं टिंब टिंब ठोकून अक्षर काढायचो. मी हात जोडले. "फुटंल. ह्याच्यावर न्हाई जमत." ताट बिननावाचंच सासरी गेलं.

पुढं काही वर्षांनी तिचे वडील गेले, मागोमाग नवराही गेला. त्यानंतर एक दिवस तिचा मोठा दीर दुकानात आला. गावातला मोठा जमीनदार, आमचं जुनं गिऱ्हाईक. उपरण्यात तेच ताट. घरच्या कार्यक्रमाला भावजयीकडून, म्हणजे त्याच मुलीकडून, मागून आणलेलं. गाव तिला वहिनी म्हणायचं.

"अप्पा, माझं नाव घाला. आन् तारीख जरा मागची टाका."

"किती मागची?"

"तिच्या लग्नाच्या आधीची."

ताट कुणाचं हे मला पक्कं माहीत होतं. त्याच्या धाकानं मी ते केलं असं म्हटलं तर लोक समजून घेतील, पण तसं नव्हतं. दुकानात नुकतंच विजेवर चालणारं नाव घालायचं मशीन आलं होतं. ते असल्या मातीवर चालतं का, एवढंच मला बघायचं होतं. चाललं. लाल फुलांवर सुई जरा उडायची, कारण तिथं रंगाला हाताला लागेल एवढा उंचवटा होता. नाव अगदी फुलांवरून गेलं. मी खूश झालो. चार गिऱ्हाइकांना बोलावून दाखवलं.

वहिनीनं ताट परत मागितलं तेव्हा दिरानं गावची माणसं बसवली आणि नाव दाखवलं. माझ्याकडे माणूस पाठवला गेला. मी सांगितलं, "अक्षर माझंच हाय." ह्यात एक शब्द खोटा नव्हता. पुढचं त्यानं विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. तारीख लग्नाच्या आधीची, म्हणजे बाई खोटं बोलून दिराचं ताट लाटायला निघाली, असं ठरलं. त्यानंतर हळदीकुंकवाला ती आली की बायका ती जायच्या आधी वाट्या मोजायच्या. माझी बायकोही त्या गावात गेली तेव्हा मोजून आली. मी तिलाही काही बोललो नाही.

आता अलीकडचं. पुण्याची एक संशोधक बाई जुन्या वस्तू बघत फिरत त्या दिराच्या घरी पोचली. काचेच्या कपाटातलं ताट पाहून ती खालीच बसली. हे तुर्कस्तानचं, इझनिक गावच्या भट्टीतलं, ऑटोमन सुलतानांच्या काळातलं, चारशे वर्षांचं तरी असणार, ही ट्यूलिपची फुलं, असं ती सांगत होती. मग तिला नाव दिसलं. तिनं कपाळावर हात मारून विचारलं, "हे कुणी केलं?"

दिराला वाटलं, कौतुकानं विचारते. "आमच्या केजच्या अप्पानं! जित्ता हाय अजून. सत्कारच ठेवतो."

आणि खरोखर ठेवला. मारुतीच्या पारासमोर मांडव, माईक, पुढं खुर्च्या. शाल आणि नारळ त्याच ताटात मांडलेले. संशोधक बाई ताटाखाली हात धरून उभी होती, जणू ते आता पडणारच. मागं दोघांचा वाद चालला होता.

"ताट चारशे वर्साचं, मग मालकाचं नाव बी चारशे वर्साचं?"

"येडा का बे? मालक सत्त्याऐंशी वर्साचे हायत."

बायकांच्या मागच्या रांगेत, दोन खुर्च्या मोकळ्या सोडून, वहिनी एकटी बसली होती. मी माईक धरला आणि सांगितलं की तारीख खोटी आहे, ताट वहिनीच्या माहेरचं आहे. टाळ्या पडल्या. लोकांना वाटलं, म्हातारा विनयानं बोलतोय.

"अप्पा, लई लाजता बुवा," दीर म्हणाला.

मग मी दुकानदारासारखं बोललो. त्याच्याच घरातून त्या तारखेच्या सुमाराची पितळी परात मागवली. तिच्यावरची अक्षरं टिंबांची. ताटावरची सलग रेघेची. "ही रेघ मशीनची हाय. ह्या तारखेला केजात असलं मशीनच नव्हतं."

परात हातोहात फिरली. प्रत्येकानं टिंबांवर बोट फिरवलं. कुणी टाळी वाजवली नाही. दीर म्हणाला, "मग आता काय, खोडायचं का?" कुणीतरी उपाय सुचवला, की खाली वहिनीचं नाव घाला म्हणजे झालं. सगळ्या मांडवाला ते पटलं. संशोधक बाई ओरडली, "कुणीही काहीही घालणार नाही!"

तेवढ्यात वहिनी पुढं आली. तिनं नारळ उचलून माझ्या मांडीवर ठेवला. ताट माझ्या सत्काराच्या शालीत गुंडाळलं आणि चालू लागली.

"वैनी," मी म्हणालो, "माफ करा."

"कशापायी? शाल चांगली हाय की," ती म्हणाली आणि थांबली नाही. "आजी, आपटू नका!" म्हणत संशोधक बाई तिच्यामागं धावली. दीर खुर्चीतून उठला, पण सगळे त्याच्याकडेच बघत होते, म्हणून परत बसला.

नंतर मी तिच्या घरी गेलो. म्हटलं, पुण्याच्या बाईंना विचारून ते नाव पुसता येतं का बघू. ती भाकरी थापत होती. मान वर न करता म्हणाली, "ऱ्हाऊ द्या. ताट बाहेर मांडलंय. आल्या-गेल्यानं नाव वाचून इचारलं की मी तुमच्याकडं धाडते. तुमी सांगा."

ती धाडते. बायका येतात, कधी त्यांचे नवरे येतात, एकदा एसटीचा कंडक्टर आला. दारात उभे राहून विचारतात, "ते खोटं नाव घालणारे अप्पा तुमीच का?"

मी हो म्हणतो, आणि त्यांना बसायला सांगतो.