ओल्या खरवडीचा आकडा

तिला सगळा कारखाना काटाबाई म्हणायचा आणि तिला ते आवडायचं. दिराच्या भंगाराच्या दुकानातून तिने एक ताणकाटा उचलून आणला होता. त्याच्या आकड्याला तिने तीन बोटं रुंद पट्टी अडकवली, आणि तेव्हापासून दुधाच्या पावडरीच्या त्या कारखान्यात खरवडीची ताकद मोजली जाऊ लागली. बाईच्या जिभेलाही काटे आहेत असं मागून म्हणणारे होते. तोंडावर म्हणायची कुणाची टाप नव्हती.

दूध ज्या पोलादी पत्र्यांमधून तापत जातं, त्यांच्यावर पांढरा थर धरतो. साहेबलोक त्याला काहीही म्हणोत, दुधाचं पातेलं घासलेल्या कुणालाही ती खरवडच वाटणार. यंत्र उघडलं की काटाबाई पत्र्यावर पट्टी टेकवून काटा ओढायची. थर सुटताना काटा किती ताणला, तो आकडा वहीत जायचा. त्यावरून धुवायचा सोडा किती कडक आणि पाणी किती गरम, हे तीच ठरवायची. आठ वर्षांत यंत्र एकदाही घाण राहिलं नव्हतं.

मग मोठ्या कार्यालयातून एक अभियंता आले. पन्नाशीचे, मऊ बोलणारे. त्यांनी एक पत्रा काढून प्रयोगशाळेत नेला. तिथे त्यांच्या पेटीतल्या यंत्राने काटाबाईच्या तिप्पट आकडा दाखवला. "बाई, थर फार चिवट आहे. सोडा दुप्पट हवा," ते म्हणाले. धुलाई बाहेरच्या कंपनीला द्यायची आणि काटाबाईने खोकी भरायला जायचं, असं ठरत आलं.

घरी नवरा शिलाई मशीनवरून मान वर न करता म्हणाला, "बरंच आहे की. बसून काम. गुडघ्यांना आराम."

"गुडघे माझे आहेत ना? त्यांचं मी बघते."

"बरोबर बोलली!" सासूबाई आतून म्हणाल्या.

खोकी भरण्यात कमीपणा नव्हता. पण तिथे तिला कुणी काही विचारणार नव्हतं, आणि त्याचीच तिला धास्ती वाटत होती. आपला हात खोटं बोलत नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं. साहेबांचं महागडं यंत्र तरी कशाला खोटं बोलेल? दुसऱ्या दिवशी तिने प्रयोगशाळेतल्या बाईला गाठलं आणि पत्रा कुठून कुठे गेला ते खोदून खोदून विचारलं. गोम तिथेच सापडली.

ती थेट व्यवस्थापकांच्या खोलीत गेली. अभियंता तिथेच बसले होते.

"साहेब, पत्रा किती वाजता काढला?"

"नऊला."

"आणि मोजला?"

"साडेअकराला. मधे बैठक होती."

"म्हणजे तुमची बैठक चालली होती तोवर खरवड वाळत पडली होती. यंत्रात ती कधी वाळते का? दूध थांबलं रे थांबलं की आम्ही पाणी सोडतो. तुम्ही वाळलेली मोजलीत आणि शिक्षा ओलीला देताय."

व्यवस्थापकांनी चष्मा काढून पुसला. अभियंता मात्र रागावले नाहीत. "चला, ओला मोजू," म्हणत उठलेच.

ओल्या पत्र्यावर त्यांच्या यंत्राने दोनशे दहा ग्रॅम दाखवले. काटाबाईच्या काट्याने दोनशे. मग तिनेच त्यांना अर्ध्या पत्र्यावर दुप्पट सोडा घालायला लावला. थोड्या वेळाने पट्टी ओढली तर थर सुटेना; काटा तीनशेच्या पुढे गेला.

"हे तर रबर झालं!" अभियंता म्हणाले.

"कडक सोड्याने वरचं कातडं आवळतं. मग आत काही शिरत नाही. आमच्या निम्म्या सोड्यात ती फुगते आणि सुटून येते."

व्यवस्थापकांनी बाहेरच्या कंपनीचे कागद फाडून टोपलीत टाकले. काटाबाईला इतका आनंद झाला की तिने काटा उगाचच दोनदा पुसला.

आठवड्याने अभियंत्यांनी छापील तक्ता पाठवला. यापुढे सगळ्या कारखान्यांत खरवड अशीच मोजायची, पत्रा ओला असताना. तारीख, वेळ, ग्रॅम आणि शेवटचा रकाना 'मोजणारा'. काटाबाईने तो उभ्यानेच वाचला. मग खिशातलं पेन काढलं. शेवटच्या 'रा'ला काना होताच, त्याच्यावर तिने वेलांटीची तेवढी फिरकी दिली आणि खाली सही ठोकली.