पेडलमधलं कुंकू

आमच्या ह्यांच्याकडे गिटारचं एक जुनं पेडल आहे. लोखंडी डबी, साबणाच्या वडीपेक्षा थोडी मोठी. गिटारची वायर तिच्यात घालायची आणि वरचं बटण पायाने दाबायचं, की साधा आवाज खरखरीत, गुरगुरता होतो. हे लग्नाआधीपासून ऑर्केस्ट्रात वाजवतात आणि पेडलही तेव्हापासूनचं. तसलं आता मिळत नाही म्हणतात.

लातूरच्या कार्यक्रमाच्या तालमीत ते बिघडलं. मधेच आवाज जायचा, मधेच फटाका फुटल्यासारखा यायचा. दुसऱ्या दिवशी ऑर्केस्ट्राच्या मालकांचा फोन आला. मी भाकरी थापत होते. फोन स्पीकरवर होता.

"काका, उदगीरचा एक वादक हाय, त्याच्याकडं नवं मशीन हाय. तुमचं डबडं चाललं तर या, न्हाईतर ह्या बारीला आराम करा."

"चालतंय की डबडं," हे म्हणाले. पण फोन ठेवल्यावर नीट जेवले नाहीत. ह्या बारीला म्हणजे कायमचंच, हे आम्हा दोघांनाही कळत होतं.

इथे नांदेडात एका दुकानदाराला दाखवलं. त्याने उघडूनही पाहिलं नाही. ह्याचे पार्ट येत नाहीत म्हणाला.

मी म्हणाले, "घरी उघडून तर बघू."

माझ्या वडिलांचं मुदखेडला रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. चौथीनंतर शाळा सुटली ती लग्न होईपर्यंत मी तिथेच बसायचे. वडील कथील वितळवून वायरला डाख देत, तेव्हा वायर धरायचं काम माझं. स्वतः डाख मी फार थोड्या वेळा दिला होता. पण ह्यांना जवळचं दिसत नाही, म्हणून सोल्डरिंगची गन मी घेतली आणि हे मोबाईलचा टॉर्च धरून बसले.

खालचं झाकण काढलं. आतला सेल पाझरून एक वायर हिरवी पडली होती, हात लावताच तुटली. तिच्या जागी नवी लावली, सेलही नवा घातला. पहिला डाख गोळी होऊन फरशीवर पडला, नंतरचा बसला. तरी पेडलवरची आवाज कमीजास्त करायची खुंटी फिरवली की फट्ट व्हायचंच. मग खुंटी उपसून काढली. तिच्या बुडाशी लालसर काहीतरी घट्ट बसलं होतं.

"गंज हाय," हे म्हणाले.

मी नखाने उकरून बोटावर चोळलं. "गंज कशाचा? कुंकू हाय हे. खाली हळद."

दर खंडेनवमीला आमच्याकडे विळी, कात्री, गिटार आणि पेडल यांची पूजा मांडतात. आधी आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, करायच्या, त्या गेल्यावर हे करतात. ओल्या बोटाने हळद, कुंकू, वर पाण्याचा शिंतोडा. बोट टेकायला खुंटीच सोयीची, म्हणून दरवर्षी तिथेच. ते सगळं आत झिरपत गेलं होतं.

"म्हंजे म्या पूजा करून करून मारलं व्हय ह्याला?"

"तुम्ही एकट्यानं न्हाई. आत्याबाईंचाबी हात हाय."

"गेलेल्या माणसाला नावं ठेवून राहिलीस," असं म्हणून हे हसले. फोन आल्यापासून पहिल्यांदाच.

ते कोरडं कुंकू केरात टाकायला मन होईना. कागदावर घेतलं आणि तुळशीत टाकलं. उरलेलं देवाची कापसाची वात स्पिरिटमध्ये बुडवून पुसत बसले. वाती लाल होत गेल्या, शेवटी एक पांढरी राहिली, तेव्हा खुंटी परत बसवली.

ह्यांनी गिटार जोडली, बटण दाबलं. गुरगुर आली. खुंटी फिरवली, तरी आवाज तुटला नाही. हे वाजवतच बसले. शेजारीण दारात आली.

"वैनी, मिक्सर बिघडला काय वं?"

हे आतूनच ओरडले, "बिघडला नव्हं, सुधरला!" आणि लगेच मालकांना फोन लावला. "येतो म्हणलं. उदगीरवाल्याला सांगा, आराम कर."

लातूरला मी गेले नाही, गर्दीत मला जमत नाही. हे पहाटे आले, पेडल माझ्याकडे दिलं आणि झोपले. उठल्यावर म्हणाले, निलंग्याच्या कार्यक्रमालाही बोलावलंय.

खंडेनवमीला पूजा मांडली तेव्हा पेडल दुधाच्या धुतलेल्या पिशवीत गुंडाळलेलं होतं. ह्यांनी पिशवीवरच कुंकू लावलं आणि माझ्याकडे पाहिलं.

"एवढं चालंल ना?"

"पाणी जरा लांबून शिंपडा," मी म्हणाले.