खाडीपल्याडचा हुतूतू

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, मी रंगात आलो की मधे कुणी खिदळलेलं मला खपत नाही. घ्या, चहा ओता बशीत. माझ्या कप्तानपणाची गोष्ट आहे.

नबाबीतले दिवस. मी दिघीचा, आणि आमच्या हुतूतूच्या संघाचा कप्तान. कप्तान कशामुळे? सगळ्यांत मोठा आवाज माझा, म्हणून! भातं झोडून झाली की खळ्यावर सामने व्हायचे. बाहेरचे संघ आमच्याकडे यायचे, हरायचे, जेवून परत जायचे.

त्या वर्षी खाडीपल्याडून, आगरदांड्याच्या इस्माइलशेठचा निरोप आला. शेठचं मुंबईत दुकान. म्हणाले, यंदा सामना आमच्याकडे खेळा. जिंकेल त्या संघाला माझ्या गलबतातनं मुंबईला नेतो, तिथल्या संघांशी खेळवतो.

मुंबई! मी कधी बघितली नव्हती हो. माझं जेवणावरचं लक्षच उडालं.

पण आमचे नाना आडवे आले. नाना म्हणजे माझे चुलते. संघ त्यांनीच उभा केलेला. देवळापुढं बैठक बसली.

"आपला संघ पाण्यापल्याड जायाचा न्हाय," नाना म्हणाले. "गावानं पोसलेली पोरं, आनि बघनार कोन? आगरदांडा? हितल्या म्हाताऱ्यांनी काय खाडीवरनं निस्ता आरडाओरडा ऐकायचा?"

"अवो नाना, खेळ गावातच कोंडून ठेवला तर वाढंल कसा?"

"वाढून काय लगीन करायचंय त्याचं? आनि तिथं भांडान झालं तर? गाव त्यांचा, पंच त्यांचा. परत यायची होडीबी त्यांचीच!"

हे मात्र खरं. भांडणाशिवाय संपलेला हुतूतू तुम्ही बघितलाय का? मी तरी नाही. पण डोळ्यांपुढं मुंबई नाचत होती. छाती ठोकून म्हणालो, "माझा एक गडी तिथं तोंड उघडनार न्हाय. पंच म्हनंल ते खरं. जबाबदारी माझी!"

नाना म्हणाले, "जा. पन हरलास तर मुंबईचं नाव माझ्याम्होरं काढायचं न्हाय."

होडीत बसल्या बसल्या मी पोरांना दम भरला, कुणी ब्र काढला तर तंगडं मोडीन. पोरं गरीब. माना डोलावल्या.

आता एक सांगतो, जे तेव्हा मला कुणी सांगितलं असतं तर उपकार झाले असते. त्या काळी हुतूतूचे नियम गावोगाव निराळे. आमच्याकडे गडी मेला की बाहेर जाऊन बसायचा. सगळेच्या सगळे मेले की लोण चढायचा आणि पंच सगळ्यांना पुन्हा आत बोलवायचा. आगरदांड्याला गडी मेला की समोरच्यांना एक गुण, आणि हा पठ्ठ्या तिथंच उभा! मी हे विचारलं होतं का? कशाला विचारतोय!

पहिली चढाई माझी. तिघांना शिवून आलो. तिघंही जागेवर, हसतायत.

"दत्तूदादा," आमचा गणू कुजबुजला, "ते मेलेत न्हवं? जाईनात कसे?"

"गप! तोंड उघडायचं न्हाय."

मग गणू धरला गेला. इमानी पोरगं, उठलं आणि बाहेर माडाखाली जाऊन बसलं. इस्माइलशेठ धावत गेले. "क्या हुआ बेटा? दमलास का?"

गणू गप्प. मीच तसं बजावलं होतं ना!

"होडी लागली बिचाऱ्याला," शेठ म्हणाले. "शहाळं आणा रे!"

मग दुसरा मेला, माडाखाली गेला. त्यालाही शहाळं. मग तिसरा. एकेक जण बाहेर, एकेक शहाळं फुटतंय, आणि आगरदांडेकर हळहळतायत, "मेहमानांना फारच तकलीफ झाली हो खाडीची!" शेवटी मैदानात मी एकटा, आणि पुढ्यात त्यांचा अख्खा संघ. त्यांचे मेलेले गडी हलत नाहीत ही मला लबाडीच वाटत होती, पण जबान दिलेली. दम घेऊन घुसलो. सगळे अंगावर पडले. धूळ झटकली आणि मीही जाऊन माडाखाली बसलो.

मैदानात आमचा एकही गडी नाही. पंच आम्हाला आत कधी बोलावतोय याची मी वाट बघतोय, आणि पंच आमची तब्येत कधी सुधारतेय याची! अशीच वेळ संपली.

शेठ काळजीनं जवळ आले. "बाबांनो, तबियत ठीक नव्हती तर सांगायचं. सामना पुढं ढकलला असता."

आता मात्र माझा बांध फुटला. "तबियत कसली, शेठ! आम्ही सगळे मेलोय!"

पुढं उलगडा झाला तेव्हा आगरदांडा लोळून लोळून हसला. मला मात्र त्या खाडीत उडी घ्यावीशी वाटत होती. हरलो ते हरलोच.

पण शेठ दिलदार माणूस. त्यांनी मागाहून कळवलं, पोरं फार सभ्य आहेत, आमच्या संघाबरोबर त्यांनाही मुंबईला नेतो. पुन्हा बैठक बसली. मी तोंड शिवून बसलेलो, कारण मुंबईचं नाव काढायची मला बंदी. तर नाना स्वतःच उठले.

"माझं चुकलं," म्हणाले. "संघ पाण्यापल्याड जायालाच पायजे."

मी टुणकन उठून उभा राहिलो. म्हटलं, "नाना, कधी निघायचं?"

"पोरं गुनाची हायेत. सांगितलेलं तंतोतंत ऐकत्यात," नाना म्हणाले. "म्हनून सांगनारा तेवढा हितं ठेवायचा."

संघ मुंबईला गेला. कप्तान गणू होता.