बांगडीवालीनं धरलेला अंगठा

त्या बांगडीवालीचं नाव मी विचारलं नाही. लातूरच्या आमच्या गल्लीत ती एकदाच आली, तेही नेमकी माझी फजिती चालू असताना.

परदेशात नातीला चुडा भरत होते आणि मला तो सोहळा नव्या टीव्हीवर बघायचा होता. टीव्ही वायफायचा पासवर्ड मागत होता. काही वर्षांपूर्वी मी शहाणीनं तो असा ठेवला होता, की चोरालाही सापडू नये. चोर काही आला नाही, पण आता तो मलाच सापडेना.

लेकानं फोनवर सांगितलं, "आई, तुझ्याच मोबाईलमधी हाय तो. सेटिंगमधी वायफायचं नाव दाब, मग शेअर. अंगठा लावला की दिसंल."

सगळं जमलं, पण अंगठ्यावर अडलं. मी घाईघाईनं दाबत होते आणि मोबाईल नाकारत होता.

दारात बांगड्यांची पाटी टेकवून ती बांगडीवाली बघत होती. "द्या हिकडं," म्हणत तिनं माझा हात मांडीवर घेतला, पदरानं पुसला, बांगडी भरताना चोळतात तशी बोटं चोळली. "सैल सोडा, माय. आवळून धरल्यावर बांगडीबी चढत न्हाई." मग अंगठा अलगद टेकवला.

पासवर्ड दिसला. माझंच माहेरचं नाव, उलटं लिहिलेलं. केवढी ती अक्कल!

चहा पाजायला मी तिला थांबवून घेतलं. टीव्ही लागला तेव्हा नात कळवळून हात मागं ओढत होती.

"सैल सोड गं बाई!" बांगडीवाली टीव्हीकडं बघून ओरडली.

नातीला कुठलं ऐकू जातंय! तिच्याकडं बघताना आवळली गेलेली माझी मूठ मात्र सुटली.