कडक सोवळ्याची शेजारीण

एरंडोलला आमच्या शेजारी एक बाई राहायची. शिवाशिवीचं तिला भारी वेड. बाजूला बसलेली बाई अंगणात दिसली, तरी पदर आवरून वाट बदलायची. मला ती आवडत नसे.

लग्नाच्या पहिल्याच वर्षी मी तापाने फणफणले होते, तरी सासूने दळायला बसवलं. मी जात्यावरच कोसळले. शेजारीण धावत आली. तिने मला उचललं आणि ओरडली, "अक्का, तुनी सूनले कावळा शिवना शे! बठ्ठं पीठ बाटी जाई!"

साफ खोटं होतं. ते सासूला खरं वाटावं, म्हणून मला शिवल्याबद्दल तिने पौषातल्या थंडीत लुगड्यासकट अंघोळ केली. दात वाजत होते, तरी सासूला बजावलं, "तीन दिन हिले हात लावू नको."

तीन दिवस मला कोणी उठवलं नाही.